ओखा, मिठापूर, बेट द्वारका: बडोद्याहून जाणारे नेहमी विचारतात ते प्रश्न

द्वारकेला जाऊन आलेलं माणूस बडोद्यात घरटी एक तरी सापडेल, पण ओखा बघितलं का असं विचारलं की "हो, बेट द्वारकेला जायला तिथूनच बोट पकडली ना" एवढंच उत्तर येतं. दिवाळीच्या आधी आणि मे महिन्यात नातेवाईक, शेजारी, ऑफिसवाले सगळे तेच तेच विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. देवदर्शनाची माहिती तुम्हाला कुठेही मिळेल, इथे जास्त करून बंदराबद्दल आणि त्याच्या आसपासच्या गावांबद्दल आहे.

ओख्यात बघण्यासारखं आहे तरी काय? सगळे म्हणतात काही नाही.

म्हणणारे अगदीच चूक नाहीत. राजवाडा नाही, म्युझियम नाही, सेल्फी पॉइंट नाही. सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाला जिथे रेल्वेचे रूळ संपतात तिथे एक बंदर आहे, मासेमारीच्या होड्यांची गर्दी आहे, नेव्ही आणि कोस्ट गार्डचे तळ आहेत आणि मधेमधे जुन्या बंदराच्या वस्तीचे तुकडे आहेत. ज्यांना असल्या ठिकाणी धक्क्याच्या आसपास नुसतं उभं राहून होड्यांमध्ये बर्फ कसा भरतात, जाळी कशी विणतात, डिझेलचे कॅन कसे हातोहात पुढे जातात हे बघायला आवडतं त्यांना ओखा आवडेल. बाकीच्यांनी सरळ द्वारका करून शिवराजपूर बीचवर जावं, उगाच माझ्यावर खापर नको.

आणि बडोद्याशी याचा काय संबंध?

हा प्रश्न बडोद्यातली माणसं विचारतात याचंच मला नवल वाटतं. बडोदा संस्थान नकाशावर सलग नव्हतंच, सगळा तुकड्या-तुकड्यांचा कारभार. बडोद्याच्या आसपासचा एक, कडी म्हणजे नंतरचं मेहसाणा तो एक, नवसारी एक, अमरेली एक, आणि पार तिकडे द्वारका, बेट आणि ओखा धरून ओखामंडळ. म्हणजे द्वारकेचं देऊळसुद्धा गायकवाडांच्या राज्यात होतं.

आता एवढं मोठं संस्थान पण खोल पाण्याचं बंदर नाही. बिलीमोऱ्याचं बंदर खाडीतलं, कोडीनारकडचं लहान. ओख्याला मात्र समोर बेट आडवं पडलंय त्यामुळे आतलं पाणी शांत राहतं, जहाज बारा महिने लागू शकतं. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत तिथे बंदर बांधलं आणि १९२६ मध्ये ते सुरू झालं, शिवाय ओखामंडळातून संस्थानाची स्वतःची मीटर गेज रेल्वे टाकली ती जामनगरकडून येणाऱ्या लाइनला जोडली. बंदरातल्या एका धक्क्याला सयाजी पियर म्हणतात. कमाटीबागेत, कॉलेजात, हॉस्पिटलात, सगळीकडे महाराजांचं नाव वाचायची आपल्याला सवय आहे, पण साडेपाचशे किलोमीटरवर समुद्रात घुसलेल्या धक्क्यालाही तेच नाव आहे हे किती जणांना माहीत असतं?

मग एवढं करून ते मुंबईसारखं मोठं का झालं नाही?

याचं उत्तर जरा लांब आहे पण मला सगळ्यात इंटरेस्टिंग हेच वाटतं.

काठेवाडच्या संस्थानांनी आपापली बंदरं सुधारली, नवानगर म्हणजे जामनगरवाल्यांनी बेडी, गायकवाडांनी ओखा. परदेशातून येणारा माल तिथे उतरायला लागला की जकात संस्थानाच्या तिजोरीत जाणार आणि मुंबई बंदराचं उत्पन्न तेवढं कमी होणार. इंग्रजांना हे चालण्यासारखं नव्हतंच. विरमगामला पूर्वी एक जकातनाका होता, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांचा तिथे फार छळ व्हायचा, गांधीजींनी तो विषय लावून धरला आणि १९१७ मध्ये तो नाका उठला. दहा वर्षांनी, १९२७ मध्ये, इंग्रजांनी जकातीची तीच लाइन पुन्हा बसवली. म्हणजे ओख्याला माल उतरवून रेल्वेने आत पाठवला की ब्रिटिश हद्दीत शिरताना विरमगामला पुन्हा जकात भरायची. बंदर सुरू झाल्यावर जेमतेम वर्षभरात हे झालं. कुठला व्यापारी मग एवढा वळसा घालून माल आणेल?

पुढे फाळणीत कराची गेलं आणि उत्तर भारतासाठी नवीन बंदर पाहिजे म्हणून कच्छमध्ये कांडला उभं केलं, १९५५ मध्ये त्याला मेजर पोर्टचा दर्जा मिळाला. दिल्लीकडच्या मालाला कांडला जवळ, ओखा आडबाजूला. बडोदा संस्थान तर १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालंच होतं, त्यामुळे ओख्यासाठी भांडणारं कोणी उरलं नाही. आज ते गुजरात मेरीटाइम बोर्डाकडे आहे, बॉक्साइट-कोळसा असा माल असतो, बंद पडलंय असं अजिबात नाही, पण ज्या हिशोबाने बांधलं होतं तो हिशोब जुळलाच नाही.

ओख्यात मोटारगाड्या बनायच्या म्हणे, खरं की थाप?

खरं. १९४२ मध्ये बिर्लांनी हिंदुस्तान मोटर्स काढली ती ओखा पोर्टला. बनायच्या म्हणण्यापेक्षा जोडल्या जायच्या, इंग्लंडच्या मॉरिस टेन गाडीची इथली आवृत्ती म्हणजे हिंदुस्तान टेन. सुटे भाग जहाजाने येणार तर जोडणी बंदरातच करा, साधा विचार. १९४८ मध्ये सगळं बिऱ्हाड कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला गेलं आणि तिथे पुढे अँबेसिडर निघाली. म्हणजे ज्या गाडीतून आपले आजोबा लग्नाच्या वरातीला गेले त्या गाडीच्या कंपनीचं बाळंतपण ओख्याला झालेलं आहे. तिथे जाऊन कारखान्याचा बोर्ड शोधत मात्र फिरू नका.

बडोद्याहून कसं जायचं?

ट्रेनने सगळ्यात सोपं. सौराष्ट्र मेल मुंबईहून निघून बडोद्याला मध्यरात्रीनंतर येते आणि त्याच तारखेला दुपारी ओख्याला सोडते. स्टेशनवर झोपेत बसावं लागतं एवढाच त्रास. तारीख बघून रिझर्वेशन करा, चढताना रात्रीचे बारा उलटलेले असतात त्यामुळे तारखेचा घोळ फार लोक करतात. अहमदाबादहून वंदे भारत पण ओख्यापर्यंत आहे, ती संध्याकाळी निघून रात्री फार उशिरा पोचते, मुलं बरोबर असतील तर विचार करा.

गाडीने तारापूर, बगोदरा, लिंबडी, राजकोट, जामनगर, द्वारका असं जातात, साडेपाचशेच्या आसपास किलोमीटर होतात. एका दमात जाणारे आहेत पण मी म्हणेन राजकोट किंवा जामनगरला रात्र काढा. जामनगर सोडलं की जमीन सपाट आणि उजाड होत जाते, पवनचक्क्या दिसतात, आणि वाऱ्याला एक खारट वास यायला लागतो.

ओखामढी आणि ओखा एकच ना?

नाही नाही नाही! ओखामढी द्वारकेच्या अलीकडे, जामनगरहून येताना द्वारका लागायच्या आधी. तिथे समुद्रकिनारा आहे आणि फॉरेस्टवाल्यांची कासवांची हॅचरी आहे. ओखा द्वारकेच्या पुढे तीसेक किलोमीटर. दोन्हीकडे स्टेशनं आहेत, तिकीट काढताना नीट बघा.

राहायचं कुठे?

नव्वद टक्के लोक द्वारकेत राहतात आणि तेच सोयीचं आहे, धर्मशाळेपासून महागड्या हॉटेलपर्यंत सगळं आहे. पण होड्या बघायच्या असतील तर एक रात्र ओखा किंवा मिठापूरच्या बाजूला काढा, साधी गेस्ट हाउसं मिळतात, फार अपेक्षा ठेवू नका, पंखा चालतोय ना आणि बाथरूममध्ये पाणी येतंय ना हे बघूनच पैसे द्या. जन्माष्टमीला आणि दिवाळीच्या सुट्टीत आधी बुकिंग केल्याशिवाय घरातून निघूच नका.

बंदराच्या आत सोडतात का? फोटो?

असंच चालत आत जाता येत नाही, परवानगी लागते. आणि हे गंमतीत घेऊ नका. ओख्याला नेव्हीचा आयएनएस द्वारका तळ आहे, पाकिस्तानची सागरी हद्द इथून फार लांब नाही. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानी आरमाराने द्वारकेवर तोफा डागल्या होत्या, ७-८ सप्टेंबरच्या रात्री, आणि १९७१ ला ओख्यावर विमानांनी हल्ला केला. त्यामुळे मोबाईल काढून धक्का, जहाजं, कुंपण असं शूट करत बसलात तर कोणीतरी येऊन विचारणारच, आणि ड्रोन तर घरीच ठेवा. मच्छीमारांच्या बाजूला फिरायला एवढी अडचण नसते पण तिथेही माणसांचे फोटो विचारून काढा, बायका मासे निवडत बसलेल्या असतात त्यांच्या तोंडासमोर कॅमेरा धरायचा म्हणजे काय.

मिठापूरचा कारखाना बघता येतो का?

टाटा केमिकल्सचा तो कारखाना आतून नाही, सहज येणाऱ्याला तरी नाही. पण बाहेरूनच एवढं दिसतं की निम्मं समजतं. मिठापूर हे कारखान्याबरोबर वसलेलं गाव, रांगेत क्वार्टर्स, झाडं लावलेले रस्ते, शाळा, हॉस्पिटल, क्लब. आजूबाजूचा वैराण मुलूख बघून एकदम मिठापुरात शिरलं की आपल्या बडोद्याच्या फर्टिलायझर नगरात, म्हणजे खत कारखान्याच्या कॉलनीत, आल्यासारखं वाटतं.

याची सुरुवातही बडोदा संस्थानातूनच झालेली. कपिलराम वकील नावाचे केमिस्ट होते, त्यांनी १९२७ मध्ये गायकवाड सरकारची परवानगी घेऊन ओखा सॉल्ट वर्क्स काढलं. त्याच्यावरच पुढे १९३९ मध्ये टाटा केमिकल्स उभी राहिली. त्याच वर्षी फेब्रुवारीत सयाजीराव महाराज गेले. आणि आपण दुकानात जाऊन मागतो ते पाकिटातलं टाटा मीठ फार नंतरचं, १९८३ चं. त्याच्या आधी मीठ म्हणजे वाण्याकडे पोत्यात असायचं ते.

मूळ धंदा सोडा ॲशचा, म्हणजे धुण्याच्या पावडरला आणि काचेला लागतो तो. त्याला मीठ लागतं, चुनखडी लागते, अमोनिया लागतो. यातलं मीठ इथल्या समुद्रातून आणि चुनखडी इथल्या जमिनीतून, म्हणून कारखाना या टोकाला. समुद्राचं पाणी पंपाने उथळ तळ्यांत सोडतात, उन्हाने आणि वाऱ्याने ते घट्ट होत जातं, एका तळ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. आधी जिप्सम खाली बसतं, नंतर मीठ, आणि उरलेल्या कडू पाण्यात मॅग्नेशियम आणि ब्रोमिनचे क्षार. बांधाच्या कडेला उभं राहून नीट बघितलंत तर पाण्याच्या काठावर पांढरा फेस वाऱ्याने थरथरत असतो, हात लावला की तो फेस नसून खाली पातळ कडक पापुद्रा असतो, आणि जी तळी फार खारी झालेली असतात त्यांचं पाणी चक्क गुलाबी दिसतं. रंग कोणी टाकलेला नसतो, एवढ्या खारट पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो येतो.

पक्षी बघणाऱ्यांनी चरकल्याच्या मिठागरांकडे हिवाळ्यात जरूर जावं, फ्लेमिंगो, पेलिकन भरपूर. आत जायला परवानगी लागते, पण रस्त्यावरून दुर्बिणीने पण छान दिसतात.

तिथल्या पाण्याचं काय? बाटल्या न्याव्या का?

बाटल्या सगळीकडे मिळतात. पण तुमचा प्रश्न बरोबर जागी लागलाय, ओखामंडळाचं जुनं दुखणं गोडं पाणी हेच आहे. द्वारकेला रुक्मिणीचं देऊळ गावाबाहेर वेगळं का, तर दुर्वासांच्या शापाची गोष्ट सांगतात, रथ ओढताना रुक्मिणीला तहान लागली, ऋषींना न विचारता ती पाणी प्यायली म्हणून शाप, कृष्णापासून ताटातूट आणि या जमिनीला गोडं पाणी नाही. त्या देवळात अजून पाण्याचं दान करायची पद्धत आहे. गोष्ट कोणी मानो न मानो, विहिरीचं पाणी खारट हे तिथल्या प्रत्येक घराने भोगलंय, आणि कारखान्यालाही पाण्याचा थेंब थेंब वाचवूनच दिवस काढावे लागले. तेव्हा हॉटेलात पाणी मचूळ लागलं तर वेटरवर ओरडू नका. अंघोळीला बादली पुरते.

पूल झाला ना, मग बोट बंद?

ओखा आणि बेट द्वारका जोडणारा सुदर्शन सेतू २५ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला, सुमारे २.३ किलोमीटर लांब, दोन्ही कडेला चालायला फुटपाथ, त्यावर गीतेतले श्लोक आणि वर सोलर पॅनल. त्याच्या आधी ओख्याच्या जेट्टीवरून बोटीने बेटावर जायचं, माणसं कोंबून भरायचे, समुद्रपक्षी डोक्यावर घिरट्या घालायचे, लोक त्यांना गाठिया फेकायचे. पुलाने म्हाताऱ्या माणसांची आणि आजारी माणसांची मोठी सोय झाली, यात वादच नाही, बेटावर राहणाऱ्यांना विचारा रात्री-अपरात्री पेशंट न्यायचा असला की काय व्हायचं. पण यात्रेकरूंची गर्दी आता ओख्याच्या जेट्टीवर न थांबता सरळ पुलावरून जाते, त्यामुळे जेट्टीजवळच्या चहावाल्यांचा आणि बोटवाल्यांचा धंदा बसला. आवर्जून सांगते, पुलावर चढायच्या आधी गाडी ओखा गावाकडे वळवा, तासभर थांबा, चहा तिथे प्या.

बेटावर देवळाशिवाय काय?

देऊळ दुपारी बंद असतं म्हणून लोक वैतागतात, मी म्हणते त्या वेळात बेट फिरा. मारुतीचं हनुमान दांडी म्हणून देऊळ आहे तिथे हनुमानाबरोबर त्याचा मुलगा मकरध्वज. ब्रह्मचारी मारुतीला मुलगा कसा हे मुलं विचारतीलच, उत्तर तयार ठेवा. हाजी किरमाणींचा दर्गा आहे. गुरुद्वारा आहे कारण पंच प्याऱ्यांपैकी, म्हणजे गुरु गोविंदसिंगांच्या पहिल्या पाच खालसा शिष्यांपैकी, भाई मोहकम सिंग द्वारकेचे होते. बेटाचं जुनं नाव शंखोद्धार, आणि शंखाचं काम इथे फार जुन्या काळापासून चालायचं. समुद्राच्या तळाशी आणि किनाऱ्यावर पुरातत्त्ववाल्यांनी शोध घेतला त्यात उत्तर हडप्पा काळातली भांडी आणि तीन डोक्यांच्या प्राण्याची एक मुद्रा सापडली. म्हणजे गायकवाडांच्या आधीही इथे बंदर होतं, चांगलं साडेतीन हजार वर्षं आधी.

आम्ही गायकवाडांच्या बडोद्याचे असं सांगितलं तर तिथे मान मिळतो का?

चहा मिळेल. मान वगैरेच्या भानगडीत पडू नका. ओखामंडळ मूळचं वाघेरांचं, म्हणजे तिथल्या जुन्या लढवय्या जमातीचं, आणि त्यांच्या दृष्टीने गायकवाड म्हणजे बाहेरून आलेली सत्ता. १८५८ मध्ये जोधा माणेक आणि मुळू माणेक यांनी उठाव करून द्वारका आणि बेट घेतलं होतं, इंग्रजांनी १८५९ मध्ये जहाजांवरून तोफा डागून ते परत मिळवलं, बेटाच्या देवळाचंही त्यात नुकसान झालं, आणि मुळू माणेक १८६८ मध्ये मारला जाईपर्यंत बंड चालूच होतं. तिथे या दोघांची गाणी अजून गातात. बंदर, रेल्वे, शाळा या गोष्टी महाराजांनी केल्या हे खरं आणि वाघेरांची जमीन गेली हे पण खरं, तिथल्या चहाच्या टपरीवर दोन्ही एकाच माणसाकडून ऐकायला मिळेल. आपण ऐकावं. आमच्या एका काकांनी तिथे "हे सगळं आमच्या महाराजांनी केलं" असं चालू केलं तेव्हा समोरचे आजोबा नुसते हसले आणि म्हणाले, "भले, भले, चा पीवो."

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चही चालतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या सगळ्या वर ओढून ठेवलेल्या, रंगकाम चाललेलं असतं, ते बघायला मला आवडतं पण वारा उभं राहू देत नाही. शिवाय जून म्हणजे वादळाचा महिना, २०२३ चं बिपरजॉय आठवतंय ना, या सगळ्या किनाऱ्यावरची गावं रिकामी केली होती.

पोहता येईल का?

ओख्याला नाही. होड्या, तेल, प्रवाह, अजिबात नको. पोहायचं तर शिवराजपूर, द्वारका-ओखा रस्त्यावरच आहे, २०२० मध्ये त्याला ब्लू फ्लॅग म्हणजे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, कपडे बदलायची सोय आहे, लाइफगार्ड असतात. रविवारी मात्र तिथे अर्धं राजकोट आलेलं असतं.

जेवण? मासे मिळतात का?

काठियावाडी जेवण फर्स्ट क्लास, बाजरीचा रोटला, रिंगणाचा ओळो, शेव-टामेटा, लसणाची चटणी, वर छास. द्वारकेत देवळाच्या आसपास सगळं शाकाहारी. एवढं मोठं मासेमारीचं बंदर म्हणून ताटात ताजी सुरमई येईल या आशेने गेलेले आमचे सीकेपी शेजारी दोन दिवस गाठिया खाऊन परत आले. मासळी इथली बरीचशी बर्फात घालून बाहेर जाते. ओख्यात विचारपूस केली तर मिळू शकतं, पण त्यासाठी ट्रिप ठरवू नका.

किती दिवस पुरतात?

प्रवास धरून चार. दोन दिवसांत उरकणारे लोक बसमधून काचेतून समुद्र बघतात.

येताना काय आणावं?

गोपी तलावाजवळ गोपीचंदन मिळतं, ते आणा, घरी पूजेला होतं. शंख-शिंपले विकणारे बेटावर मागे लागतात, इथे जरा सांभाळून. प्रवाळ तर घ्यायचंच नाही, सगळ्या प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि काही जातीच्या शंखांनाही आहे, कच्छच्या आखातात तर १९८२ पासून मरीन नॅशनल पार्कच आहे. याच किनाऱ्यावर व्हेल शार्कला आधी मारायचे, २००१ मध्ये कायद्याने बंदी आली आणि रामकथाकार मोरारीबापूंनी सगळ्यांना सांगितलं की ही बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी समजा, तेव्हापासून ती जाळ्यात आली तर मच्छीमार स्वतःचं जाळं कापून सोडतात, फोटो दाखवला की जाळ्याची भरपाई मिळते. आणि मीठ आणू नका, तेच पाकीट आपल्या खंडेराव मार्केटमध्ये मिळतं.